संगणकाच्या आत संगणक, आणि माझ्याकडून झालेली एक चूक



आजचा विषय जरा वेगळा आहे. संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, आणि त्यातल्या एका छोट्याशा चुकीमुळे सगळंच कसं बंद पडू शकतं, यावर लिहिते आहे. विषय वाचून "हे आपल्या कामाचं नाही" असं म्हणू नका. मी काही इंजिनिअर नाही. डी.एड. केलं, एमएस-सीआयटी केलं, बाकीचं सगळं मुलांसोबत चुका करत शिकले. त्यातलीच एक मोठी चूक इथे सांगणार आहे. ती संगणकाच्या बाबतीत झाली असं मला आधी वाटलं होतं. खरं तर ती एका मुलाच्या बाबतीत झाली.

आमचा एकुलता एक संगणक

आमची शाळा आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेला एक संगणक घेऊन दिला. जुनाच, ४ जीबी रॅमचा. पण आमच्यासाठी तो फार मोलाचा. ऑफिसची सगळी माहिती त्यावर, शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यावर, पोषण आहाराचा हिशोब त्यावर, आणि दुपारच्या सुट्टीनंतर मुलांची चित्रं आणि गणिताचे खेळही त्यावरच.

आता एका संगणकावर दोन संसार म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने माउस फिरवता फिरवता पोषण आहाराच्या हिशोबाचं अख्खं फोल्डर कुठेतरी सरकवून दिलं. दोन दिवस आम्ही ते शोधत होतो. सर म्हणाले, "मॅडम, मुलांना संगणकाला हात लावू देणं बंद करू."

मला ते पटेना. संगणक गावाने मुलांसाठी घेतलाय, आपल्या हिशोबासाठी नाही.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, त्यात व्हर्च्युअल मशीन टाक ना. मुलांचा संगणक वेगळा, तुझा वेगळा. डबा एकच."

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

मला जसं समजलं तसं सांगते.

आपल्या आष्टीत जुने वाडे आहेत. एका वाड्यात चार-पाच भाडेकरू असतात. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, चूल वेगळी. एकाच्या घरात काय शिजतंय ते दुसऱ्याला दिसत नाही. पण वाडा एकच आणि मालक एकच. कोणाला किती जागा द्यायची, ते मालक ठरवतो.

संगणकातही तसंच करता येतं. खरा संगणक म्हणजे वाडा. त्यात एक प्रोग्राम बसवायचा, तो मालक. हा मालक खऱ्या संगणकातली थोडी रॅम, थोडी हार्डडिस्क, थोडा प्रोसेसर बाजूला काढतो आणि त्यातून एक खोटा संगणक उभा करतो. त्या खोट्या संगणकाला आपण खोटे आहोत हे माहीतच नसतं. त्याला वाटतं, आपल्याला स्वतःचा पडदा आहे, स्वतःची डिस्क आहे. आत काहीही मोडतोड झाली तरी ती खोलीच्या आत राहते. खोली पुसून पुन्हा नव्याने मांडता येते.

ही कल्पना नवीन नाही. आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० नावाची अशी प्रणाली १९७२ साली बाजारात आणली. आपल्याकडे लोक ज्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तेच हे वर्ष. तेव्हा संगणक इतके महाग होते की एकाच संगणकात अनेकांना आपापला संगणक असल्यासारखं काम करता यावं, हीच गरज होती. म्हणजे मुळात ही युक्ती टंचाईतून आली. टंचाई आपल्याला कोणी शिकवायला नको!

आज आपण मोबाइलवर जे काही उघडतो, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी मोठ्या इमारतीतल्या अशाच भाड्याच्या खोल्यांत चालतं. निकाल, फॉर्म, बँक, तिकीट, सगळंच. एका खऱ्या यंत्रावर कितीतरी भाडेकरू. शेजारी कोण राहतं हे कोणालाच माहीत नाही.

मी सुट्टीत व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम टाकला. त्यात मुलांसाठी लिनक्सचा एक हलकाफुलका संगणक उभा केला. चित्रांचा प्रोग्राम टाकला, टायपिंगचा खेळ टाकला. पालकसभेत मी छाती पुढे काढून सांगितलं, "आता मुलांनी आत काहीही केलं तरी शाळेच्या कामाला धक्का लागणार नाही."

तो दिवस

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. सहा मुलांचे फॉर्म होते. पाच झाले, सहावा एका मुलीचा राहिला. फोटो चढत नव्हता, म्हणून मी तो लहान करून आणायला मोबाइल घेऊन बाहेर ओट्यावर गेले. नेटवर्क तिथेच येतं. मुलं म्हणाली, "मॅडम, तंवर आम्ही चित्र काढू का?" मी म्हटलं, "काढा. पण तुमच्याच खिडकीत."

पाच-सात मिनिटांत परत आले तर सगळं थांबलेलं. माउस हलेना. घड्याळ जागेवर. हार्डडिस्कचा दिवा तेवढा सारखा लुकलुकतोय. समोर चौथीतला एक मुलगा बसलेला, हात मांडीवर.

"काय केलंस?"

"काय न्हाय मॅडम. चित्र काढत हुतो."

मी बटण दाबून संगणक बंद केला. पुन्हा चालू केला तर तो आपली दुरुस्ती करत बसला, आणि ती संपायच्या आत लाइट गेली. साडेतीन वाजले होते. मला काही सुचेना. त्या घाईत, त्या रागात, मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला बोलले. "तुला सांगितलं होतं ना व्यवस्थित वापर म्हणून? तुझ्यामुळे तिचं वर्ष वाया जाईल." शब्द जवळजवळ हेच होते. ते मला पाठ आहेत, कारण नंतर ते मी स्वतःला खूप वेळा ऐकवले.

संध्याकाळी स्कूटीवर आष्टीला गेले. नेट कॅफेवाल्या दादांनी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं. रात्री उशिरा फॉर्म गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि झोपले. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

आजी शाळेत आल्या

त्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं, हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. तो आजीपाशी राहून शाळेत येत होता. त्याला शाळेत टिकवण्यासाठी आम्ही दोघा शिक्षकांनी किती समजूत घातली होती!

चार दिवसांनी त्या आजी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आजी, आत या ना."

"बाई, पोरानं काय मोडलं का? रातचं झोपत न्हाय. त्या खोलीत जायचं म्हणलं की रडतंय. किती पैसं भरायचं तेवढं सांगा. त्याच्या बापाला फोन लावते, मुकादमाकडून उचल घिऊन धाडंल."

मला खुर्चीवर बसवेना. कसला संगणक आणि कसले पैसे! मी आजींना बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, "आजी, काहीच मोडलं नाही. काही भरायचं नाही." त्या गेल्या. पण मी एक गोष्ट बोललेच नव्हते. मुलाने काय केलं हे मी विचारलंच नव्हतं. मी फक्त दोषी शोधला होता.

मग मी शोधायला बसले

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, "मला रागवायचं नाहीये. मला शिकायचंय. तू चित्र कसं काढत होतास, तेवढं सांग." बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला,

"मला उसाचा फड काढायचा हुता. कागद पुरना. म्हणून कागद मोठा केला."

"कसा?"

"तिथं आकडे हायत. त्यात शून्य वाढवले."

झालं. मी तसंच करून पाहिलं. कागदाच्या रुंदीला आणि उंचीला शून्यं जोडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत अख्खा संगणक पुन्हा गोठला. या वेळी फोन करून भाच्याला सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, मुलांच्या संगणकाला रॅम किती दिलीस?"

"तीन जीबी."

"आणि एकूण?"

"चार."

तो हसला. मला हसू आलं नाही. मुलांचा संगणक जोरात चालावा म्हणून मी चारातले तीन त्याला देऊन टाकले होते. रॅम देताना एक पट्टी असते. ती हिरव्या भागात ठेवायची असते. मी ती हिरवा भाग संपून पुढे सरकवली होती आणि तिकडे पाहिलंही नव्हतं. एवढा मोठा कागद मांडायला मुलांच्या खोलीने आपले तीनही जीबी खरोखर वापरायला घेतले, आणि मालकाला स्वतःला श्वास घ्यायला जागा उरली नाही. मग तो रॅमऐवजी हार्डडिस्कवर काम भागवायला लागला. डिस्क फार हळू. म्हणून तो दिवा लुकलुकत होता आणि बाकी सगळं थांबलं होतं.

वाड्याच्या भाषेत सांगते. खोल्यांना कुलपं होती, पण पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. मी एका भाडेकरूचा नळ इतका मोठा बसवला की त्याने तो पूर्ण सोडल्याबरोबर टाकी रिकामी. यात भाडेकरूची काय चूक? त्याने चोरी केली नाही, कुलूप तोडलं नाही. त्याला आंघोळ करायची होती.

कुलूप चोरीपासून वाचवतं, टंचाईपासून नाही. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. मला मात्र ते संगणकाच्या बाबतीत सुचलं नव्हतं.

"सेवा बंद पाडणे" तीन प्रकारे होतं

यानंतर मी या विषयावर थोडं वाचलं. संगणकाची सुरक्षितता म्हणजे पासवर्ड आणि चोरी एवढंच आपल्याला वाटतं. पण जाणकार तीन गोष्टी सांगतात. माहिती गुपित राहिली पाहिजे, माहिती बरोबर राहिली पाहिजे, आणि हवी तेव्हा ती मिळाली पाहिजे. तिसरी आपण विसरतो. पैसे बँकेत सुरक्षित आहेत, पण दवाखान्यात भरायचे त्या क्षणी निघत नाहीत, तर ते असून नसल्यासारखेच. या तिसऱ्या गोष्टीवरच्या हल्ल्याला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. आपण त्याला सेवा बंद पाडणे म्हणू.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणं घेऊन सांगते.

पहिला प्रकार, गर्दी. १६ जुलै २०२१ आठवतोय? कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला होता. दुपारी १ वाजता निकाल ऑनलाइन पाहायला मिळणार होता. सुमारे पावणेसोळा लाख मुलं आणि त्यांच्या घरचे एकाच वेळी तुटून पडले, आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडलीच नाहीत. इथे हल्ला कोणीच केला नव्हता. सगळे आपापल्या लेकराचा निकालच पाहत होते. एका दारातून सगळं गाव एकदम आत शिरायला गेलं, इतकंच.

दुसरा प्रकार, मुद्दाम केलेली गर्दी. जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या इंटरनेट पुरवणाऱ्या काही लहान कंपन्यांवर असा हल्ला झाला. खोट्या मागण्यांचा लोंढा इतका मोठा की तो सेकंदाला २०० गिगाबिटपर्यंत गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हजार भाडोत्री माणसं आणून बसवावीत आणि खऱ्या पाहुण्यांना पानच मिळू नये, तसा हा प्रकार.

तिसऱ्या प्रकाराला गर्दी लागतच नाही. एकच माणूस, एकच चुकीची मागणी, आणि प्रोग्राममध्ये एक विसरलेली चूक. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट याच प्रकारातली आहे. ती वाचून मी थक्क झाले, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

अकरा वर्षं झोपलेली चूक

१३ मे २०१५ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीतले जेसन गेफनर यांनी एक चूक जाहीर केली. तिला नाव दिलं 'व्हेनम', म्हणजे विष. नोंदवहीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. जगातल्या सगळ्या संगणकांतल्या अशा चुकांना असे क्रमांक देतात. आपल्या जनरल रजिस्टरसारखंच.

चूक कुठे होती माहीत आहे? फ्लॉपीत!

आमच्या पिढीने फ्लॉपीची शेवटची वर्षं पाहिली. मी डी.एड.ला असताना संगणकाच्या कपाटात काळ्या चौकोनी फ्लॉप्या पडलेल्या असायच्या, पण वापरताना कोणाला पाहिलं नाही. १.४४ एमबी मावायचं तिच्यात. आज मोबाइलने काढलेला एक चांगला फोटोही तिच्यात बसणार नाही.

आता गंमत बघा. आभासी संगणक उभा करताना त्याला "तुला फ्लॉपीचा खणसुद्धा आहे" असं भासवावं लागतं, कारण खऱ्या संगणकाला तो असायचा. क्यूएमू नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये हा खोटा फ्लॉपीचा खण लिहिलेला होता. क्यूएमूचा तोच भाग पुढे झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स अशा इतर प्रोग्राममध्येही गेला. त्या खणात २००४ पासून ही चूक होती. म्हणजे अकरा वर्षं! फ्लॉपी जगातून गेली, पण तिचा रिकामा खण लाखो यंत्रांत तसाच राहिला. काही ठिकाणी तर "फ्लॉपी नको" असं सांगितलं तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो खण आतून चालूच राहायचा.

चूक नेमकी काय? फ्लॉपीला हुकूम पाठवताना ते एका छोट्या डब्यात येतात. डबा ५१२ बाइटचा. एक हुकूम पूर्ण झाला की डबा रिकामा झाला असं धरून पुढचा हुकूम पुन्हा पहिल्या घरापासून ठेवायचा, असा नियम. पण दोन हुकूम असे निघाले की ते झाल्यावर डबा रिकामा व्हायला उशीर लागायचा किंवा तो व्हायचाच नाही. मग आतला कोणी मुद्दाम माहिती टाकतच राहिला, तर ती डब्याबाहेर सांडायची. सांडायची कुठे? मालकाच्या अंगणात. निदान तो आभासी संगणक तरी धाडकन बंद पडणार. आणि सांडणारा हुशार असेल तर खोलीची भिंत ओलांडून मालकाच्या घरातही शिरू शकेल. म्हणून सगळे घाबरले.

मला यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. चूक सापडल्यावर ती लगेच गावभर केली नाही. आधी हे प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवलं, त्यांना दुरुस्तीला वेळ दिला, आणि ज्या दिवशी बातमी जाहीर झाली त्याच दिवशी दुरुस्तीही उपलब्ध होती. या चुकीचा कोणी गैरवापर केल्याचं तोवर आढळलं नव्हतं. आणि २००४ साली तो भाग लिहिणाऱ्याला कोणी चौकात उभं करून बोललं नाही. चूक शोधली, नीट लिहून काढली, दुरुस्त केली. शोधणाऱ्याचं नाव सन्मानाने घेतलं गेलं.

आणि मी? माझ्या व्यवस्थेतली चूक ज्याने शोधून दिली, त्यालाच मी वर्गासमोर उभं केलं होतं.

वर्गातला तास

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी सगळ्या मुलांना व्हरांड्यात बसवलं. रागावले सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. मी म्हटलं, "त्या दिवशी संगणक माझ्यामुळे बंद पडला. मी त्याची वाटणी चुकीची केली होती. आणि मी याला न विचारता बोलले. ती माझी दुसरी चूक. मी चुकले." मुलं एकदम शांत. मोठी माणसं असं म्हणतात हे त्यांना नवीन असावं. तो खाली बघत होता. त्याने मान वर केली नाही, पण पाटीवरची बोटं थांबली होती.

मग आम्ही एक खेळ खेळलो. तुम्हालाही वर्गात घेता येईल म्हणून कृती देते.

साहित्य: बारा घरांचा एक ट्रे (आम्ही अंड्यांचा कागदी ट्रे कापून घेतला), वाटीभर चिंचोके, हुकूम लिहिलेल्या सहा चिठ्ठ्या.

एक मूल 'मालक' होऊन ट्रे घेऊन बसतं. शेजारी एक मूल पाटीवर दोनचा पाढा लिहीत बसतं. ते शाळेचं 'ऑफिस'. तिसरं मूल चिठ्ठी वाचतं, "चार चिंचोके ठेव", "सात ठेव". मालक ठेवतो, मोजतो, मोठ्याने आकडा सांगतो आणि लगेच ट्रे रिकामा करतो. चार चिठ्ठ्या अशाच. दोन चिठ्ठ्यांवर मात्र मी लिहिलं होतं, "मोजा, पण ट्रे नंतर रिकामा करा."

पहिल्या फेरीत सगळं छान. दुसऱ्या फेरीत या दोन चिठ्ठ्या एकापाठोपाठ आल्या आणि मी खुणेने चिंचोके देतच राहायला सांगितलं. बारा घरं भरली. तेरावा कुठे ठेवायचा? मालकाने तो ट्रेच्या कडेवर ठेवला. मग पुढचे घरंगळत शेजारच्या पाटीवर. पाढा लिहिणाऱ्या मुलीचा हात थांबला. "मॅडम, माझा पाढा पुसला!"

मी विचारलं, "चूक कोणाची?"

उत्तरं आली. चिंचोके देणाऱ्याची. मालकाची. पाटी जवळ ठेवली तिची. मग तो चौथीतला मुलगा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आपणहून बोलला.

"चिठ्ठीची. चिठ्ठी लिहिणारानं ट्रे किती मोठा हाय ते बघितलंच न्हाय."

यापेक्षा चांगलं उत्तर मला पुस्तकातही मिळालं नसतं. मी पुढचं विचारलं, "मग आता काय करायचं?" पोरांनी तीन नियम काढले, ते जसेच्या तसे फळ्यावर लिहिले: ठेवायच्या आधी मोजायचं. बारा झाले की "न्हाय" म्हणायचं. काम झालं की लगेच ट्रे रिकामा करायचा.

प्रोग्राम लिहिणारे मोठमोठे लोक याच तीन गोष्टी करतात, फक्त त्यांच्या भाषेत. चौथीच्या मुलांना त्या चिंचोक्यांत सापडल्या.

पालकहो, या तासाला गणितही झालं, भाषाही झाली. एका अंड्याच्या ट्रेवर आणि वाटीभर चिंचोक्यांवर. खर्च शून्य.

आता आमच्याकडे काय बदललं

मुलांच्या संगणकाला आता दीड जीबी रॅम आहे. पट्टी हिरव्या भागात आहे. ऑफिसचं काम चालू असताना मुलांची खिडकी बंद असते, आणि ही जबाबदारी माझी आहे, मुलांची नाही. फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवत नाही. (हा प्रयत्न आहे, दरवेळी जमतोच असं नाही.)

संगणकाशेजारी एक दोनशे पानी वही टांगली आहे. तिचं नाव 'चूक सापडली'. संगणक अडकला, काही विचित्र झालं, तर मुलांनी तिथे तीन ओळी लिहायच्या. मी काय करत होतो, काय झालं, पुन्हा केलं तर पुन्हा होतं का. खाली नाव. त्या नावाला कोणी बोलायचं नाही, उलट महिन्याच्या शेवटी परिपाठात ते वाचायचं. पहिल्या पानावर पहिली नोंद त्याचीच आहे. "मी उसाचा फड काडत होतो. कागद मोटा केला. सगळं थांबलं. पुना केलं तर पुना थांबलं." शुद्धलेखन मी दुरुस्त केलं नाही.

एप्रिलमध्ये त्याचे आईवडील कारखान्यावरून परत आले. वडील शाळेत आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हेही पैशांचं विचारतील. पण म्हणाले, "मॅडम, पोरगं फोनवर सांगत हुतं, त्यानं काहीतरी चूक काढली आन् तुम्ही त्येचं नाव वहीत लिवलंय. खरंय का?" मी वही काढून दाखवली. त्यांना वाचता येत नाही. मुलानेच ती वाचून दाखवली, बोट ठेवून, एकेक शब्द.

तेव्हा भिंतीवर त्याचं चित्रही लागलेलं होतं. उसाचा फड. खऱ्या कागदावर काढलेला. एक कागद पुरला नाही म्हणून चार जोडलेत. कडेला बैलगाडी आहे, कोप आहे, आणि कोपीच्या दारात दोन माणसं आहेत. ती कोण आहेत, हे मी विचारलं नाही.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, एवढंच सांगावंसं वाटतं

वर्गात काही बंद पडलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" तो बदलून "कसं झालं?" असा विचारून बघा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, पण चूक तिथेच सापडते. आणि ज्या मुलाला आपण "काय केलंस?" म्हणून ओरडतो, त्याच्याकडेच बहुतेक वेळा त्या प्रश्नाचं उत्तर असतं.

एका संगणकाची सेवा बंद पडली तर तो बटण दाबून पुन्हा चालू होतो. मूल बोलायचं बंद झालं तर तसं बटण नसतं. मला चार दिवसांनी एक आजी सांगायला आल्या, हे माझं नशीब.



– एक प्राथमिक शिक्षिका,
ता. आष्टी, जि. बीड